सहावं बोट

'मॅडम, नवरीचं एक बोट जरा कमी करून द्याल का?'

दुपारचे साडेतीन. माझ्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन आणि फोनवर एका जाहिरात एजन्सीतला मुलगा. साल २०२३, महिना मे, लग्नसराई जोरात. एका सराफी दुकानाच्या जाहिरातींसाठी त्यांना चार चित्रं हवी होती. आदल्या वर्षी त्याच दुकानासाठी तशीच चार चित्रं मी काढली होती, त्यामुळे मेल उघडला तो खुशीतच. बघते तर काय, चित्रं तयार! एआयनं काढलेली. पैठणी, हिरवा चुडा, मागे समई, सगळीकडे सोनेरी उजेड. पहिल्या नजरेत सॉल्लिड!

दुसऱ्या नजरेत गडबड सुरू झाली. साडी म्हणायला नऊवारी, पण कासोट्याचा पत्ता नाही. नथ उजव्या नाकपुडीत. मुंडावळ्या हेडफोनसारख्या कानांवर बसलेल्या. आणि मेंदी काढलेल्या हाताला... एक, दोन, तीन, चार, पाच... सहा बोटं.

'आणि रेट काय?' मी विचारलं.

'मॅडम, आता फक्त टच-अपच आहे ना...'

आदल्या वर्षी एका चित्राचे मला नऊ हजार मिळाले होते. टच-अपचे बाराशे. आता खरं सांगू? मी ते काम घेतलं. बाणेदारपणे नकार देऊन फोन आपटला वगैरे सीन सिनेमात होतात. प्रत्यक्षात पाच तारखेला ईएमआय कापला जातो.

पण गंमत पुढेच होती. सहावं बोट खोडायला बसले आणि लक्षात आलं, की नुसतं बोट खोडून भागत नाही. या हाताला आत हाडंच नाहीत. अंगठा कुठून निघतो, मनगट कुठे वळतं, बांगड्या कुठे अडकतात, कशाचा कशाला पत्ता नाही. शेवटी कोपरापासून पुढचा अख्खा हात मी नव्यानं काढला. मग कासोटा. मग नथ डावीकडे. वेळ जवळजवळ तेवढाच लागला, जेवढा पूर्ण चित्राला लागला असता. बिलात मात्र मी लिहिलं, 'टच-अप'.

मुंग्यांमधून नवरी

मी इलस्ट्रेटर. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना अजून नीट उमगलेलं नाही. 'ती कॉम्प्युटरवर असते' असं त्या शेजारी सांगतात. तर गोष्टीच्या पुस्तकातला हत्ती, बँकेच्या माहितीपत्रकातलं हसरं जोडपं, पुड्यावरचं बिस्किट खाणारं गोंडस पोरगं ही चित्रं आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी काढतं. वीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे माझ्यासारखी माणसं.

या नव्या मशीनचा फंडा काय, तो आधी समजून घेऊ. घाबरू नका, गणित नाहीये. ज्यांचं बालपण दूरदर्शनसमोर गेलंय त्यांना आठवत असेल, रात्री कार्यक्रम संपले की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या यायच्या. समजा, मांजराच्या एका फोटोवर आपण थोड्या थोड्या मुंग्या सोडत गेलो. शेवटी मांजर गायब, नुसत्या मुंग्या. आता कॉम्प्युटरला याच्या उलटं शिकवायचं, की कुठल्या मुंग्या हटवल्या तर खाली मांजर सापडेल, ते ओळख. चुकलास? पुन्हा ओळख. असं कोट्यवधी चित्रांवर, प्रत्येक चित्रासोबत त्याचं वर्णन देऊन. हळूहळू तो इतका तरबेज होतो, की समोर निव्वळ मुंग्या ठेवून 'मराठी नवरी' असं लिहिलं तरी तो त्यातून एक नवरी 'शोधून' काढतो. जी कधी कुठल्या मांडवात उभीच नव्हती, अशी नवरी!

मग बोटं सहा का? कारण त्यानं हातांचे लाखो फोटो बघितलेत, पण हातानं कधी काही धरलेलं नाही. फोटोत कधी चार बोटं दिसतात, कधी मूठ, कधी दोन माणसांचे हात एकमेकांत गुंतलेले. त्यातून जी सरासरी निघते ती तो काढतो. अर्थात, हे २०२३चं झालं. आता त्याची बोटं बहुतेक वेळा पाच येतात. देवनागरी अक्षरं आधी मोडी आणि जिलबीचं लग्न लावल्यासारखी यायची, तीही बरीच सुधारली. त्यामुळे 'मशीन चुकतं, म्हणून आपण सेफ' या भरवशावर राहू नका. मी राहिले होते.

ही चित्रं आली कुठून? २०२२ साली 'लायन-५बी' नावाचा एक संच खुला झाला. त्यात इंटरनेटवरच्या तब्बल ५८५ कोटी चित्रांच्या लिंक आणि वर्णनं होती. अशाच साठ्यावर 'स्टेबल डिफ्यूजन' शिकलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात आलं. आपलं चित्र त्या संचात आहे का, हे शोधून देणारी एक वेबसाइटही लगेच निघाली. एका रात्री मी तिथं माझं नाव टाकलं. माझी दोन चित्रं सापडली. त्यातलं एक होतं छत्रीतून आभाळ बघणाऱ्या मुलीचं. मुलांच्या एका पुस्तकासाठी काढलेलं, त्याचं मानधन मिळायला मला सात महिने लागले होते.

माझी पहिली रिअॅक्शन काय असेल? अभिमान! अय्या, आपण जगभरच्या चित्रांत आहोत! दुसरी रिअॅक्शन पाच मिनिटांनी आली. मला कुणी विचारलं होतं का?

विचारलं होतं का?

'तुम्ही आर्टिस्ट लोक ना, प्रत्येक नव्या मशीनला घाबरता. फोटोग्राफी आली तेव्हाही घाबरलात,' असं माझा नवरा म्हणतो. (तो आयटीत आहे, त्यामुळे तो घाबरत नाही. तो 'अपस्किल' करतो.)

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. राजवाड्यांत टांगलेली लक्ष्मी-सरस्वती त्या प्रेसमुळे चाळीतल्या खोलीत, दुकानाच्या गल्ल्यामागे येऊन बसली. मशीननं चित्राचं भलंच केलं. पण तिथे प्रेस काढायचा निर्णय चित्रकाराचा होता आणि चित्रं त्याची स्वतःची होती. शिवाय एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायला कसबी कारागीर लागायचे. म्हणजे त्या मशीनच्या पोटात माणसांचे हात होते.

आत्ताच्या मशीनच्या पोटातही माणसांचे हात आहेतच. फक्त त्यांना पगार नाही आणि त्यांना आत ढकललंय हे त्यांना नंतर कळलं. पोलंडचे ग्रेग रुटकोवस्की ड्रॅगन आणि लढायांची जबरदस्त चित्रं काढतात. २०२२मध्ये त्यांच्या नावाची ऑर्डर लोकांनी इतक्या हजार वेळा दिली, की इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलं तर त्यांनी न काढलेली चित्रं समोर यायला लागली. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या तीन चित्रकारांनी अशा कंपन्यांवर दावा ठोकला आणि २०२४मध्ये कोर्टानं त्यातला कॉपीराइटचा मुख्य मुद्दा पुढे चालवायला परवानगी दिली.

कायदा तसा गमतीशीर आहे. तो चित्राचं रक्षण करतो, शैलीचं नाही. माझी छत्रीवाली मुलगी कुणी जशीच्या तशी छापली तर मी भांडू शकते. पण 'माझ्यासारखी' मुलगी काढली तर? तर काहीच नाही. आणि हे योग्यच होतं इतकी वर्षं, कारण आम्ही सगळेच कुणासारखं तरी काढत शिकलो. जे.जे.त असताना मी दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं समोर ठेवून रेषा गिरवल्यात. फरक एवढाच, की दलालांसारखं काढायला मला तीन वर्षं लागली आणि तरीही ते दलालांसारखं आलं नाही. ज्या ठिकाणी नाही आलं, तिथे माझं काहीतरी सुरू झालं.

दुसरी बाजूही ऐका. नुसतं मशीननं काढलेल्या चित्राला लेखक म्हणून माणूस नसेल तर कॉपीराइट नाही, असं अमेरिकेतल्या अपील कोर्टानं मार्च २०२५मध्ये सांगितलं. आपल्याकडे तर त्याआधी जाम मजा झाली होती. २०२०मध्ये 'सूर्यास्त' नावाच्या चित्राला सहलेखक म्हणून चक्क एका एआय अॅपचं नाव लागून कॉपीराइटची नोंदणी मिळाली आणि नंतर कार्यालयानंच ती मागे घेण्याची नोटीस काढली. तेव्हा कंपनीचा लोगो फुकटात मशीनकडून करून घेणाऱ्या स्टार्टअपवाल्या मित्रमैत्रिणींनो, तो उद्या कुणी उचलला तर भांडणार कशाच्या जोरावर, याचा जरा विचार करून ठेवा.

तुम्हीही केलात ना?

मार्च २०२५. आठवतंय? एका सकाळी तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांचे डीपी एकसारखे झाले होते. बॉस गिब्ली, एचआर गिब्ली, बॉसचं कुत्रं गिब्ली. मोठे डोळे, गुलाबी गाल, मागे गुबगुबीत ढग. खरं सांगा, तुम्हीही केलात ना? अहो, लाजू नका. माझ्या नवऱ्यानं माझाच केला!

गोड होता फोटो. मी त्यात पंचविशीतली दिसत होते, त्यामुळे दोन मिनिटं मीही गप्प बसले.

मग मला त्या चार सेकंदांची आठवण झाली. स्टुडिओ गिब्लीच्या हायाओ मियाझाकींचा 'द विंड राइझेस' २०१३ साली आला. त्यात भूकंपानंतर पळणाऱ्या गर्दीचा एक शॉट आहे, जेमतेम चार सेकंदांचा. तो हातानं काढायला एका अॅनिमेटरला एक वर्ष तीन महिने लागले. गर्दीतला प्रत्येक जण आपापली घाई घेऊन पळतो. कुणी सामान सांभाळतंय, कुणी सोबतच्या माणसाला. शॉट पूर्ण झाला तेव्हा मियाझाकींनी त्या अॅनिमेटरला शाबासकी दिली. त्यावर तो म्हणाला काय, तर फार छोटा झाला!

गिब्लीची लाट आली तेव्हा मियाझाकींचं एक जुनं रागावलेलं वाक्य सगळीकडे फिरत होतं. ते २०१६चं आहे आणि वेगळ्याच प्रयोगाबद्दलचं. कॉम्प्युटरनं हलवलेली एक विद्रूप आकृती त्यांना दाखवली होती, त्यावर ते बोलले होते. डीपींबद्दल नव्हे. तेव्हा त्यांच्या तोंडी माझा राग घालणार नाही. माझा राग मीच सांगते. तो डीपी करण्यावर नाहीच. मुलांच्या वाढदिवसाला गंमत म्हणून केलंत, तर काय बिघडलं? तुम्ही मला त्याचे पैसे तसेही देणार नव्हता.

मी स्वतःही वापरते ना हे मशीन. विहिरीच्या तळातून वर बघितलं तर काठावर वाकलेली माणसं कशी दिसतील, हे मला हवं होतं, तर दहा सेकंदांत दहा कोन मिळाले. नाहीतर मला विहिरीत उतरावं लागलं असतं. पण मागच्या वर्षी चाळीतल्या आजीच्या गोष्टीसाठी मी त्याला चाळ मागितली, तर त्यानं बोगनवेल लावलेली, मऊ उन्हातली, एखाद्या हॉटेलसारखी चाळ दिली. म्हणून मी लालबागला आमच्या जुन्या चाळीच्या गॅलरीत दोन तास वही घेऊन बसले. तेव्हा दिसले पाण्याचे पिंप. ओळीनं उभे आणि प्रत्येकावर ऑइलपेंटनं खोली नंबर. काहींवरची अक्षरं मी ओळखली. ती माझ्या बाबांची होती.

फ्लेक्सवाली मुलगी

माझे बाबा पेंटर. म्हणजे दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे नंबर, 'येथे कचरा टाकू नये', शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि दर गणपतीत मंडळाचा कापडी बॅनर. खारीच्या केसांचा ब्रश, हाताखाली आधाराला काठी आणि ओठांत विझलेली विडी. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही. आमच्या भागातली निम्मी दुकानं बाबांच्या अक्षरात बोलायची.

२००१ साली मला जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टला अॅडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले. आणि २००३च्या गणपतीत मंडळाचे कार्यकर्ते घरी आले. बाबांकडे नाही, माझ्याकडे. 'तू कॉम्प्युटरवर करतेस ना? फ्लेक्स करायचाय. साहेबांचा फोटो मोठा पाहिजे.' उसनवारीच्या पीसीवर, चोरीच्या सॉफ्टवेअरवर, मी दोन तासांत डिझाइन केलं. वर बाप्पा, खाली साहेब, त्याखाली गोल चौकटींत अकरा हसरे दादा-भाऊ-अण्णा. रात्रीत प्रिंट झाला. मला पाचशे रुपये मिळाले. माझी पहिली कमाई!

बाबांच्या बॅनरला आठवडा लागायचा.

सकाळी कमानीवर फ्लेक्स चढला. बाबा खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. ते एवढंच म्हणाले, 'अक्षरं दाटलीत. दोन शब्दांत हवा ठेव जरा.' आणि टेम्पोचा नंबर रंगवायला निघून गेले.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. फ्लेक्स मी आणला नव्हता, मी केला नसता तर दुसऱ्या कुणी केला असता, हे सगळं खरं. आज हेच वाक्य मला एजन्सीतली मुलं ऐकवतात, तेव्हा मला त्यांचा राग धड येतही नाही. मीही तेव्हा वीस वर्षांची होते, मलाही ते नवीन यंत्र भन्नाट वाटत होतं आणि मलाही पाचशे रुपये हवे होते.

पण इतकी वर्षं मी या गोष्टीतल्या एका माणसाचा विचारच केला नव्हता. बाबांकडे एक पोऱ्या होता. राजापूरकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. पहिलं वर्षभर त्यानं फक्त ब्रश धुतले. मग पत्र्याला ग्राउंड मारायला लागला, म्हणजे पाटीचा मागचा सपाट रंग. मग दोरीनं रेघा पाडायच्या. मग बाबांनी आखलेल्या अक्षरांत रंग भरायचा. मग शेड. पाचव्या वर्षी एखादं अक्षर स्वतःचं. त्याचा 'क' बाबांपेक्षा डौलदार यायचा, हे बाबाच सांगायचे.

छोट्या पाट्या आधी बंद झाल्या. बाबांना मोठी कामं, देवळांची, शाळांची, आणखी काही वर्षं मिळत राहिली. पण पोऱ्याला हात बसवायला जी कामं लागायची, तीच संपली. २००५मध्ये तो गेला. बऱ्याच वर्षांनी एका एटीएमबाहेर भेटला, वॉचमनच्या निळ्या शर्टात. खुर्चीवर ड्युटीची वही होती. तारखेचे आकडे काय देखणे काढले होते! खाली शेडसुद्धा दिली होती.

चुका कुठे करायच्या?

हे सगळं आता का आठवलं, सांगते.

माझ्याकडे एक ज्युनिअर होती. डोंबिवलीची, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. मोठी पुस्तकं मी करायचे आणि तिच्याकडे असायची बारीकसारीक कामं. रेसिपीच्या कोपऱ्यातली मिरची, बँकेच्या अॅपसाठी छत्री-पिगी बँक-घर असले आयकॉन, संक्रांतीची पोस्ट, बालवाडीच्या पुस्तकातलं 'अ अननसाचा'. तिचं पहिलं अननस हातबॉम्बसारखं आलं होतं, आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. चाळिसावं अननस असं आलं, की मी तिला म्हटलं, यापुढे मला दाखवायला आणू नकोस.

तिचा पगार या कामांतून निघायचा. २०२४ उजाडलं आणि ही कामं आटायला लागली. कुणी 'बंद करतोय' असं कळवलं नाही. नुसते फोन यायचे थांबले. माझी पुस्तकं चालू होती, कारण तिथे लेखक होता, संपादक होता, 'आजीचा चष्मा दुसऱ्या पानावर गोल आणि पाचव्यावर चौकोनी कसा?' असं विचारणारं कुणीतरी होतं. पण मिरच्या, छत्र्या, अननसं हे सगळं मशीनकडे गेलं. जूनमध्ये मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून जमणार नाही.

ती रडली वगैरे नाही. तिनं बॅग भरली, टॅबलेटची वायर नीट गुंडाळली आणि दारात थांबून विचारलं, 'ताई, मग मी आता चुका कुठे करू?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'होईल गं काहीतरी' असं काहीतरी बोलले असेन.

एआयबद्दल चर्चा चालते तेव्हा सगळे विचारतात, मशीन महान चित्रकार होईल का? मला या प्रश्नाची काळजी वाटत नाही. मशीन हुसेन होईल की नाही, माहीत नाही. पण हुसेन कसे झाले, हे माहितेय. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत. बाबूराव पेंटर कसे झाले? कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवत. कुणीही थेट मोठं काम करत नाही. आधी कुणीतरी तुम्हाला पोटापुरते पैसे देऊन वाईट अननस काढू देतं. मशीननं माझं मोठं काम नेलं नाही, अजून तरी. त्यानं शिडीच्या खालच्या पायऱ्या नेल्या. वर बसलेल्यांना ते लगेच जाणवत नाही, कारण आपण वर आहोत. जाणवेल दहा-पंधरा वर्षांनी, खालून कुणीच येत नाही तेव्हा.

आणि हे फक्त चित्रांचं नाही, बरं का. तुमच्या ऑफिसात मीटिंगचे मिनिट्स कोण लिहायचं? कच्चा ड्राफ्ट, बारकं कोडिंग, दोनशे पानी करारातून तारखा काढणं हे सगळं बोअर काम कोण करायचं? नवीन लागलेला पोरगा किंवा पोरगी. शिव्या घालत करायचे, पण ते करता करताच त्यांना धंदा कळायचा. तुम्हालाही तसाच कळला. आता ते काम चुटकीसरशी होतं, तुम्ही सहाला घरी जाता. मस्त आहे! फक्त यंदा तुमच्या टीममध्ये फ्रेशर किती घेतले, ते एकदा मोजा.

चहा-पाणी

गेल्या दिवाळीत घर आवरताना बाबांच्या जुन्या बिलबुकांचा गठ्ठा सापडला. कार्बन कॉपीची निळी अक्षरं. 'पत्रा ४×३, ग्राउंडसह', 'अक्षरे मोठी १४', 'शेड'. आणि प्रत्येक बिलाच्या शेवटच्या ओळीत, अगदी न चुकता, 'पोऱ्या चहा-पाणी'. कधी पाच रुपये, कधी दहा. मी बाबांना विचारलं, 'गिऱ्हाइकं द्यायची हे पैसे?'

'कुरकुर करायची,' बाबा म्हणाले. 'पण द्यायची. मी सांगायचो, आज माझ्याकडून पाटी करून घेताय, उद्या तुमचा पोरगा कुणाकडून करून घेणार?'

त्या दिवसापासून माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ वाढली आहे. चित्रं इतकी, मुखपृष्ठ एक, दुरुस्त्या दोन वेळा आणि शेवटी 'ज्युनिअरचं काम'. म्हणजे पुस्तकातली चार-पाच छोटी चित्रं ज्युनिअर काढणार, मी तपासणार, आणि तिच्या हातचं अननस हातबॉम्बसारखं आलं तर पुन्हा काढायचा वेळ धरलेला. क्लायंट विचारतात, हे काय? हे तर मशीन फुकट करेल. मी बाबांचं वाक्य ऐकवते. आत्तापर्यंत पाच जणांना ऐकवलं. तिघांनी ती ओळ खोडून कोटेशन परत पाठवलं. एकानं अजून उत्तर दिलेलं नाही.

एका प्रकाशकानं हो म्हटलं. रक्कम फार नाही, महिन्याचा लोकलचा पास आणि वर थोडे. डोंबिवलीला फोन केला. ती सध्या एका कंपनीत मशीनची चित्रं तपासते, म्हणजे बोटं मोजते. शनिवारी येईन म्हणाली.

शनिवारी आम्ही कामाला बसलो. पुस्तकात एक बाजार आहे, बाजारात एक छोटं दुकान आणि दुकानावर पाटी. पाटी तिला दिली. बाबा आले होते, ते मागे खुर्ची टाकून बसले. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग चष्मा वर सरकवत पुढे वाकले.

'पोरी, दोन शब्दांत हवा ठेव जरा.'